पहिल्यांदा सुशी खाताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

सुशीचा मेनू हातात आला की नजर आधी माशांच्या नावांकडे जाते. ती भाताकडे वळवा. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ शिजवून, तो गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळलं की सुशीचा पाया तयार होतो. त्यावर मासा ठेवा, अंडं ठेवा किंवा आत काकडी गुंडाळा, ती सुशीच. भात नसेल आणि नुसते कच्च्या माशाचे काप असतील, तर ती साशिमी. त्यामुळे मासे न खाणाऱ्यालाही सुशी खाता येते, आणि मासे खाणाऱ्याने पहिल्याच दिवशी कच्चा मासा खाल्ला पाहिजे असंही नाही.

पूर्वी हा भात मासा टिकवण्यापुरता वापरत. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा. भात आंबायचा, मासा टिकायचा आणि खाताना भात काढून टाकायचे. जपानमध्ये बिवा तलावाच्या परिसरात फुनाझुशी नावाने हा प्रकार आजही होतो. आंबण्याची वाट न बघता भातात थेट व्हिनेगर घालून, हाताने त्याची मूद दाबून वर मासा ठेवायची पद्धत एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, 1820 च्या दशकात रुळली. भाताचा तो हलका आंबटपणा या व्हिनेगरचा आहे. एखाद्या हॉटेलात भात सपक, गार आणि कडक लागला तर वरचा मासा कितीही महागाचा असो, सुशी फसलेली असते. पहिल्या वेळी निराश होणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला असाच भात आलेला असतो.

मेनूवरची नावं

ठाण्यात घोडबंदर रोड, हिरानंदानी इस्टेट आणि मॉलमधल्या हॉटेलांत, तर नवी मुंबईत वाशी, सीवूड्स, पाम बीच रोडच्या बाजूला पॅन-एशियन मेनूवर सुशी सापडते. नावं सगळीकडे जवळपास तीच असतात.

निगिरी म्हणजे भाताची बोटभर लांब मूद आणि त्यावर माशाचा किंवा अंड्याचा काप. एका प्लेटला साधारण दोन येतात. माकी म्हणजे रोल. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा पापुद्रा, बाहेर असतो. आत भात आणि मधोमध सारण. रोल बारीक आणि एकाच सारणाचा असेल तर होसोमाकी, जाड आणि चार-पाच सारणांचा असेल तर फुतोमाकी. उरामाकीत भात बाहेर आणि नोरी आत असते; आपल्याकडे मिळणारे बहुतेक रोल याच जातीचे, वर तीळ किंवा गाबोळी लावलेले. तेमाकी म्हणजे नोरीचा हातात धरून खायचा कोन. गुन्कानमध्ये मुदीभोवती नोरीची पट्टी उभी लावून वरच्या वाटीत गाबोळी किंवा बारीक चिरलेला मासा भरतात. इनारी म्हणजे गोडसर मुरवलेल्या तळलेल्या टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, पिशवीत भरलेला भात.

किंमत बघताना तुकडे मोजा. एका ठिकाणी रोल आठ तुकड्यांचा, दुसरीकडे सहाचा किंवा चारचा असतो आणि मेनूवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोघांना चाखण्यापुरतं आठ तुकड्यांचे दोन रोल आणि एक प्लेट निगिरी पुरते. पोटभर जेवायचं असेल तर आणखी एक रोल मागवा. भात दाबलेला असतो, त्यामुळे दिसतो त्यापेक्षा लवकर पोट भरतं.

काय मागवायचं आणि कोणत्या क्रमाने

पहिली प्लेट काकडीच्या साध्या रोलची, म्हणजे कप्पा माकीची मागवा. अनेकांना ते पैसे वाया घालवणं वाटतं, पण या हॉटेलाचा भात आणि नोरी कशी आहे हे दुसऱ्या कुठल्याच पदार्थातून इतकं स्वच्छ कळत नाही. दाणा न् दाणा वेगळा जाणवला पाहिजे आणि तरी तुकडा हातात सुटता कामा नये. भात कोमट किंवा खोलीच्या तापमानाचा हवा. आंबट-गोड चव मागून हलकेच यावी. नोरी दातांखाली पटकन तुटावी. ती चामट लागली तर रोल करून बराच वेळ झालाय किंवा दमट हवेत नोरीचं पाकीट उघडं राहिलंय. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या आपल्या हवेत उघडी नोरी फार लवकर नरम पडते. या परीक्षेत भात नापास झाला, तर कच्च्या माशाची ऑर्डर त्या दिवशी देऊ नका.

दुसऱ्या टप्प्यात शिजवलेलं घ्या. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी. तामागो म्हणजे थरांवर थर देऊन गुंडाळलेलं गोडसर आम्लेट. उनागी ही गोड्या पाण्यातली वाम. ती नेहमी भाजून, वर गोडसर सॉस लावूनच देतात. ज्यांना माशाचा नुसता वास नको वाटतो त्यांना सुद्धा उनागी आवडते, म्हणून पहिल्या भेटीत तिची शिफारस आम्ही आवर्जून करतो. कॅलिफोर्निया रोलमध्ये काकडी, अवाकाडो आणि बहुतेक वेळा 'क्रॅब स्टिक' असते. या कांडीचा मुख्य भाग खेकडा नसून पांढऱ्या माशाचा वाटलेला आणि शिजवलेला लगदा असतो.

कोळंबी टेम्पुरा (पातळ पिठात बुडवून तळलेली कोळंबी), क्रीम चीज, वर तिखट मेयो आणि कुरकुरीत चुरा असे भरगच्च रोल आपल्याकडे सर्वांत जास्त खपतात. चवीला छान असतात, खा. पण पहिल्या दिवशी तेवढेच खाल्लेत तर मेयोखाली भात आणि मासा दोन्ही झाकले जातात आणि सुशीची चव काय असते ते कळायचं राहून जातं. असा एक रोल पुरे, तोही शेवटी.

तिसरा टप्पा कच्च्या माशाचा. इथे सामनच्या निगिरीने सुरुवात करा. सामन तुपकट, मऊ आणि सौम्य असतो. त्याला बांगड्यासारखा उग्र वास नसतो. तो जमला की टूना, म्हणजे आपल्या कुप्याच्या कुळातला मासा. त्याचा काप घट्ट आणि थोडा धातूसारख्या चवीचा असतो. साबा, म्हणजे मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगड्याचा भाऊबंद, किंवा उनी, म्हणजे सी अर्चिनचा नारिंगी गर, हे पुढच्या भेटींसाठी ठेवा. एका बैठकीत एकच नवा कच्चा मासा चाखा. म्हणजे काय आवडलं, काय नाही आणि काय सोसलं नाही हे नीट लक्षात येतं.

कच्चा मासा सुरक्षित केव्हा असतो

हा भाग घाईने वाचू नका. आपण मासे खाणारी माणसं. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला ताजी मासळी ओळखायला लहानपणी शिकलेली. कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोट दाबलं की मांस परत वर. हे सगळं खरं, पण ते कालवणासाठी आणि तळण्यासाठी. कच्चं खाण्यासाठी नुसता ताजेपणा पुरत नाही.

पहिलं कारण परजीवी. समुद्रातल्या अनेक माशांत आनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. शिजवल्यावर ती मरते; कच्ची पोटात गेली तर काही तासांत पोटात जबरदस्त कळा येऊ शकतात. म्हणून कच्चा खायचा मासा आधी ठरावीक तापमानाला गोठवतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा दंडक असा: उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना गोठवून 15 तास. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 अंशांचा, त्यातही दार सारखं उघडणार, त्यामुळे तिथे हे काम भरवशाने होत नाही. 'गोठवलेला मासा' ऐकून नाक मुरडू नका. सुशीच्या बाबतीत गोठवलेला असणं ही जमेची बाजू आहे.

दुसरं कारण जिवाणू आणि हिस्टामीन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन. गोठवण्याने अळ्या मरतात, जिवाणू मात्र मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. कुपा, बांगडा यांच्यासारखे मासे थोडा वेळ जरी उन्हात राहिले तरी त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि ते एकदा झालं की गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. टूना खाताना जीभ चुरचुरली किंवा मिरीसारखी झणझणली तर तो घास तिथेच सोडा. चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, धडधडणं असं काही झालं तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

म्हणून बाजारातून आणलेली सुरमई, रावस, बांगडा, पापलेट घरी कच्ची खाऊ नका. आणि खाडीचा जिताडा किंवा तळ्यातले रोहू-कटला तर कधीच नाही. गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातल्या माशांत परजीवींचा धोका वेगळाच असतो. रावसाला बऱ्याच मेनूंवर 'इंडियन सामन' म्हणतात. त्याचा सामनशी काहीही संबंध नाही. कच्च्या निगिरीवर 'इंडियन सामन' लिहिलेलं दिसलं तर मासा कोणता हे विचारा, आणि रावस असेल तर तळलेला मागवा.

सामनपासून सुरुवात करा म्हणण्यामागे चवीखेरीज हेही कारण आहे. जपानी लोक पूर्वी सामन कच्चा खात नसत, कारण त्यांच्या समुद्रातल्या रानटी सामनमध्ये अळ्या सापडत. 1980 च्या दशकात नॉर्वेने शेतीत वाढवलेला अटलांटिक सामन जपानमध्ये नेटाने विकायला सुरुवात केली. हा मासा कारखान्यात केलेल्या गोळ्यांच्या खाद्यावर वाढतो, त्यामुळे त्यात अळी असण्याची शक्यता फार कमी असते. आज सुशीचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्यातला नारिंगी काप असा अलीकडचा आहे.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा मासा टाळावा. त्यांच्यासाठी शिजवलेले आणि भाज्यांचे प्रकार भरपूर आहेत, फक्त ते कच्चा मासा कापलेल्या पाटावर आणि सुरीने कापू नका असं सांगायला विसरू नका.

हॉटेल निवडताना

सजावटीवर जाऊ नका. खप बघा. ज्या हॉटेलात सुशीचं वेगळं काउंटर आहे, काचेच्या थंड पेटीत मासा ठेवलाय आणि शेफ समोर रोल वळतोय, तिथे जा. चाळीस पानांच्या मेनूत पंजाबी, चायनीज, पिझ्झा आणि एका कोपऱ्यात सुशी असेल, तर तिथे कच्चा मासा किती दिवसांनी संपत असेल याचा विचार करा.

दिवसही महत्त्वाचा आहे. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी मासा लवकर उठतो. मंगळवार, गुरुवार, संकष्टी पाळणारी घरं आपल्याकडे भरपूर आणि श्रावणात तर सामिषाचा खप एकदमच उतरतो, त्यामुळे त्या दिवसांत भाज्यांचे रोल खाणं शहाणपणाचं. पावसाळ्यातली मासेमारी बंदी, 1 जून ते 31 जुलै, इथे फारशी लागू नाही. सुशीचा सामन बाहेरून येतो.

वेटरला तीन गोष्टी बिनधास्त विचारा. सामन कुठला आणि गोठवून आलाय का? भात कधी केला? वासाबी बाजूला देता येईल का? चांगल्या ठिकाणी याची उत्तरं लगेच मिळतात किंवा शेफला विचारून सांगतात. 'सगळं एकदम फ्रेश आहे' एवढंच उत्तर आलं तर शिजवलेलं मागवा. 'साशिमी ग्रेड' या शब्दांवरही विसंबू नका. त्यामागे कायद्याने ठरवलेला एकच एक दर्जा नाही.

रंगावरून फसू नका. टूनाला कार्बन मोनॉक्साइडची प्रक्रिया केली की तो जुना झाला तरी कलिंगडासारखा गुलाबी-लाल राहतो. नाक जास्त खरं सांगतं: चांगल्या मासळीला समुद्राचा हलका वास असतो, आंबूस किंवा अमोनियासारखा नाही. काप ओलसर आणि चमकदार हवा, कडा सुकून गडद झालेल्या नकोत. रविवारच्या ब्रंच बुफेत मांडलेली कच्च्या माशाची सुशी सोडून द्या. तिथे भात वाऱ्याने सुकलेला असतो आणि मासा किती वेळ बाहेर आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

ताट समोर आल्यावर

ताटात तीन सोबती असतात: सोया सॉस, वासाबीची हिरवी गोळी आणि आल्याचे गुलाबी किंवा पिवळट काप.

वासाबीवरच सर्वांत जास्त गफलत होते. ती चटणी समजून कुणीतरी चमचाभर तोंडात टाकतं. मिरचीसारखी ती जिभेवर जळत नाही. फेसलेली मोहरी नाकात चढते तशी थेट टाळूतून वर जाते. यात नवल नाही, कारण दोन्हींतला झणका एकाच रसायनाचा आहे. बहुतेक हॉटेलांतली वासाबी तर हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचीच असते. खऱ्या वासाबीचं मूळ महाग आणि किसल्यावर काही मिनिटांत चव उडणारं. मटारच्या अर्ध्या दाण्याएवढी वासाबी माशाच्या कापावर लावा. फार झालीच तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिनिटभरात झणका आपोआप उतरतो.

सोया सॉस वाटीत चमचाभरच ओता. निगिरी आडवी करून माशाची बाजू टेकवा. भात बुडवला तर तो सॉस शोषून घेतो, खारट होतो आणि मूद वाटीत विस्कटते. रोलची एक कड टेकवली की झालं. गुन्कान उलटं करता येत नाही, तेव्हा आल्याचा काप सॉसमध्ये बुडवून वरून फिरवा. उनागीवर सॉस आधीच असतो, तिला सोया लागत नाही. रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये जवळपास 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा 2000 मिलिग्रॅमची आहे.

आलं सुशीवर ठेवून खायचं नसतं. एक मासा संपला आणि दुसरा सुरू करायचा, त्या मध्ये एक काप खाऊन तोंड स्वच्छ करायचं. पहिल्या भेटीत वरचे तीन टप्पेच पाळा; पुढे कच्चा मासा सरावाचा झाला की क्रम सौम्याकडून तुपकटाकडे ठेवा: आधी काकडी, कोळंबी, मग टूना, सामन, शेवटी उनागी आणि मेयोचे रोल.

हाताने खाल्लं तर चालतं. निगिरी आणि रोल हाताने खाणं जपानमध्येही रीतीला धरून आहे. साशिमीला मात्र चॉपस्टिक्स वापरतात. चॉपस्टिक्स जमत नसतील तर त्यांच्याशी झटापट करून मूद मोडण्यापेक्षा हात धुवा आणि उचला. तुकडा एका घासात खायचा. अर्धा तोडला की नोरी लोंबते आणि सारण सांडतं. मोठ्या उरामाकीचा घास तोंडात मावणार नसेल तर ऑर्डर देतानाच छोटे तुकडे करायला सांगा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकमेकांच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका; या दोन्ही गोष्टी जपानी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

शाकाहारी आणि अ‍ॅलर्जी असलेले

शाकाहाऱ्यांना काकडी, अवाकाडो, शतावरी, शिताके मशरूम, मुळ्याचं पिवळं लोणचं, इनारी इतके पर्याय आहेत. काम्प्यो नावाचा रोल मिळाला तर जरूर घ्या. त्यातल्या तपकिरी पट्ट्या दुधी भोपळ्याच्याच भावंडाच्या, वाळवून मग सोया-साखरेत शिजवलेल्या असतात. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप आणि टेम्पुराच्या सॉसमध्ये वाळवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, बहुधा असतो. इनारी आणि काम्प्यो मुरवतानाही तो वापरतात. मेयोत अंडं असू शकतं. उरामाकीवरचे नारिंगी कण गाबोळीचे असतात. टेम्पुराचं तेल कोळंबीला आणि भाजीला एकच असू शकतं. जैन पद्धतीचं हवं असेल तर आलं आणि मुळा काढायला सांगा.

गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर नेहमीचा सोया सॉस चालणार नाही, त्यात गहू असतो. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी क्रॅब स्टिकही टाळावी, कारण चवीसाठी तिच्यात खेकड्याचा अर्क घातलेला असू शकतो.

घरपोच मागवताना

आधी अंतर बघा. संध्याकाळी घोडबंदर रोडवर पातलीपाड्याहून निघालेली पिशवी नौपाड्यात कधी पोचेल याचा भरवसा नाही. अर्ध्या तासाच्या आत येईल अशाच हॉटेलातून मागवा आणि तिथून आधी बसून खाल्लेलं असेल तर उत्तम. कच्चा मासा बर्फाच्या पाकिटासोबत येतो का ते विचारा. आल्यावर लगेच खा. नाशवंत अन्नाला बाहेर दोन तासांची मर्यादा धरतात, पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रोजच तसं असतं. उरलेली सुशी फ्रिजमध्ये ठेवून सकाळी खाऊ असं ठरवू नका. थंडीने भातातला स्टार्च कडक होतो, आणि गरम करावं तर मासा शिजतो.

घरी पहिला रोल

कच्चा मासा न वापरता घरी सुशी सहज जमते. चार माणसांसाठी 300 ग्रॅम तांदूळ, नोरीचे 4 कागद, बांबूची चटई, 2 काकड्या, 1 अवाकाडो (वाशीच्या एपीएमसीत किंवा मोठ्या भाजीवाल्याकडे मिळतो, देठापाशी दाबल्यावर हलका मऊ लागेल असा निवडा) आणि 12 मध्यम कोळंब्या किंवा 3 अंड्यांचं आम्लेट घ्या. यातून सहा-सहा तुकड्यांचे 8 बारीक रोल होतात.

सुशीचा जपानी तांदूळ ऑनलाइन मिळतो. नसेल तर मावळचा इंद्रायणी चालतो. त्याला स्वतःचा वास आहे आणि दाणा थोडा लांब, पण तो चिकटतो. बासमती, कोलम चालत नाहीत. रोल कापताना दाणे भुरभुर सुटतात.

तांदूळ पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा आणि चाळणीत निथळा. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ आणि 380 मिलिलिटर पाणी घाला. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर उकळी आणा, आच अगदी बारीक करून 12 मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून आणखी 12 मिनिटं. मध्ये झाकण उघडू नका. शिट्ट्यांवर इंद्रायणी हमखास गिच्च होतो, म्हणून आम्ही कुकर सुचवत नाही.

तोवर 60 मिलिलिटर तांदळाच्या व्हिनेगरमध्ये 2 मोठे चमचे साखर आणि 1 छोटा चमचा मीठ घालून नुसतं कोमट करा. उकळू देऊ नका, आंबटपणा वाफेबरोबर उडतो. लोणच्यासाठी मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर वापरू नका, ते घशाला लागतं. गरम भात स्टीलच्या परातीत काढा (ॲल्युमिनियमची नको, व्हिनेगर तिला खातं), मिश्रण सगळीकडे शिंपडा आणि भातवाढी तिरकी धरून भात कापल्यासारखा मोकळा करा. ढवळलात तर त्याचा लगदा होईल. एकीकडे पंख्याने किंवा वर्तमानपत्राने वारा घाला. तीन-चार मिनिटांत दाण्यांवर तकाकी येते. ओलं फडकं झाकून ठेवा आणि हाताला कोमट लागेल तेव्हा वापरायला घ्या.

कोळंबी सोलून, काळा धागा काढून, पोटाच्या बाजूने टूथपिक उभी खोचा म्हणजे ती वाकडी होणार नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. काकडीचा बियांचा भाग काढून टाका, नाहीतर रोलला पाणी सुटतं. सगळ्या सारणांच्या बोटभर जाडीच्या आतल्या लांब पट्ट्या करा.

नोरीचा कागद आडवा अर्धा कापा. चटईवर खरखरीत बाजू वर, चकचकीत खाली. हात पाणी आणि थोड्या व्हिनेगरमध्ये बुडवून झटका. कोरड्या हाताला भात चिकटतो आणि फार ओल्या हाताने नोरी भिजते. 80 ग्रॅम भात, म्हणजे साधारण लिंबाहून मोठा गोळा, कागदावर पसरा. समोरची एक सेंटिमीटर पट्टी मोकळी सोडा. बोटांच्या टोकांनी पसरवा, तळव्याने दाबू नका. मधोमध एका, फार तर दोन सारणांच्या पट्ट्या ठेवा. जवळची कड सारणावरून उचलून थेट भाताच्या पलीकडच्या कडेला टेकवा, चटईवरून घट्ट दाबा आणि मग मोकळ्या पट्टीवर रोल फिरवा. भाताच्या ओलाव्याने ती आपोआप चिकटते.

रोल फुटला तर भात किंवा सारण जास्त झालं. कापताना चेपला तर सुरी बोथट किंवा कोरडी आहे. धारदार सुरी ओल्या फडक्याने पुसून आधी मधोमध कापा, मग दोन्ही अर्धे शेजारी ठेवून तीन-तीन तुकडे करा, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. रोल वळले की लगेच ताटात घ्या. सगळे आठ वळून पाहुण्यांची वाट बघत बसलात तर पहिल्या चारांची नोरी चामट झालेली असते, म्हणून दोन-दोन करून वाढा.

उरलेले नोरीचे कागद पाकिटातल्या सिलिका पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात नरम पडलेच तर पापड भाजतो त्यापेक्षा उंच धरून, बारीक आचेवरून दोन-तीन सेकंद फिरवा; कागद आक्रसायच्या आत काढला की तो पुन्हा कुरकुरीत होतो.